मदत हवी आहे: चित्रं बोलतील असा टॅरो संच सुचवा

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. टॅरो, म्हणजे भविष्य सांगायचे चित्रांचे पत्ते, शिकले ते १९०९ च्या रायडर-वेट संचावर. पामेला कोलमन स्मिथ यांनी ७८ही पत्त्यांवर प्रसंग रंगवलेत. पेल्यांची पंजी बघा: काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघतोय, मागचे दोन उभे पेले त्याला दिसतच नाहीत. पाहताक्षणी गोष्ट सुचते!

हौसेनं मार्सेय पद्धतीचा, म्हणजे जुन्या फ्रेंच धाटणीचा संच घेतला. रंग ठसठशीत, पण पंजीत नुसते पाच पेले. मन लागेना. शिवाय पत्ते मोठे, पिसताना निसटतात, आणि गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइट चमकते.

लहान हातात मावणारा, बिनचकाकीचा, सगळ्या पत्त्यांवर प्रसंग असलेला संच कुणी वापरलाय का? सावंतवाडीच्या गंजिफांच्या (हाताने रंगवलेल्या पारंपरिक पत्त्यांच्या) शैलीत रंगवलेला मिळाला तर फारच आवडेल.