शून्य रुपयांचं तिकीट: बसभाड्याचे तुमचे अनुभव लिहा

वागळेकरीण:
परवा सासूबाईंना घेऊन खोपटहून नाशिकच्या एसटीत बसले. त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. कंडक्टरने आधार कार्ड बघितलं आणि मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात दिलं. त्यांनी घडी घालून बटव्यात ठेवलं. घाट येईपर्यंत मधूनमधून काढून बघत होत्या, खरंच शून्य आहे ना म्हणून.

मला माझी आई आठवली. आम्ही कळव्याला राहायचो, ती वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला. महिनाअखेर आली की खाडीचा पूल ओलांडून चालत जायची, चालतच यायची. विचारलं तर म्हणायची, "बसला गर्दी असते गं." पैशांचं नाव कधी काढलं नाही.

एसटीत 75 वर्षांपुढच्यांना फुकट आहे, बायकांना मार्च 2023 पासून अर्धं. मग शहरातली बसही सगळ्यांनाच मोफत का नको, यावरून रात्री घरी जुंपली. नवऱ्याचं एकच, फुकटाची किंमत नसते. नुसतं मत नको, तुमच्या बाबतीत काय घडलं ते लिहा.

घणसोलीचा गण्या:
एसटीत आई शून्य, बायको अर्धी, पोरगा अर्धा. आमच्यात पूर्ण तिकीट म्हणजे मी एकटाच. सुट्टे पण माझ्याकडेच मागतात.

नीलिमा_को:
आम्ही पनवेलहून ठाण्याला यायचो तेव्हा आत्याचा नियम, कंडक्टर आला की मांडीवर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. मी तेव्हा दुसरीत. एकदा त्यानेच लाडाने विचारलं, "बाळा, शाळेत जातेस का?" मी उठून उभी राहिले आणि नाव, इयत्ता, तुकडी, वर्गशिक्षिकेचं नाव, सगळं खणखणीत सांगितलं. अर्धं तिकीट निघालं. आत्या मुंब्रा येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

गावदेवी_कट्टा:
नीलिमा, हसून हसून चहा सांडला

डेपोवाले आजोबा:
मी बसच्या हिशेबात नोकरी केली, कुठल्या डेपोत ते विचारू नका. तिकिटाच्या पैशांत डिझेल, टायर, पगार हे माझ्या काळात कधीच भागलं नाही. उरलेलं पालिका घालायची, म्हणजे जो जन्मात बसमध्ये चढला नाही तोही देतच होता. रेल्वेच्या आरक्षित तिकिटावर छापलेलं वाचलंय ना, प्रवासाच्या खर्चातले सरासरी 57 टक्केच वसूल होतात? तेव्हा बरंचसं फुकट आधीच चालू आहे.

पण तिकीट म्हणजे रोजची रोकड असते. रात्री पेटी मोजली की सकाळी कोणाकोणाची देणी भागवायची ते कळायचं. ती रोकड गेली की प्रत्येक टायरला वरच्यांच्या सहीची वाट बघा. मोफतला माझा विरोध नाही. पैसे कोण देणार आणि वेळेवर देणार का, एवढं आधी कागदावर यावं.

कासारवडवली_वैशाली:
मोफत करा नाहीतर दुप्पट घ्या, आधी बस येऊ दे. घोडबंदरला स्टॉपवर उभं राहून राहून शेवटी शेअर रिक्षा. त्यात ड्रायव्हरच्या बाजूला कोणीतरी चौथा लटकलेला. तिकिटाचे पैसे वाचून मला काय मिळणार? कुकर लावलाय, येते परत.

दिघ्याची_पोर:
वैशालीताई, तुम्ही रिक्षात बसू शकता.
मम्मी ऐरोलीत धुणीभांडी करते. तिला लांबच्या सेक्टरात अजून एक घर मिळत होतं. जायचं यायचं भाडं धरलं तर त्या पगारात काय राहत नव्हतं म्हणून सोडलं. बस फुकट असती तर ते घर धरलं असतं.

वागळेकरीण:
@दिघ्याची_पोर, हे नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने फोन घेऊन पुन्हा स्वतः वाचलं. काही बोलला नाही, मीही छेडलं नाही.

कासारवडवली_वैशाली:
बरोबर बोललीस गं. तरी येत नसलेली बस मम्मीलाही उपयोगाची नाही, तेवढं माझं राहू दे.

मराठमोळा_दादा:
लक्झेंबर्गमध्ये 2020 पासून बस, ट्राम, रेल्वे सगळं मोफत. फक्त रेल्वेचा पहिला वर्ग विकत. आपण कधी सुधारणार??

डेपोवाले आजोबा:
अहो दादा, तो देश आपल्या ठाणे जिल्ह्यापेक्षा लहान. माणसं तर नुसत्या ठाणे शहराच्या निम्मीही नाहीत. ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलावर, बसच्या रांगेत संध्याकाळी सातला या, मग बोलू.

घणसोलीचा गण्या:
सातला नको, आठला या. आधी मामलेदारची मिसळ.

गावदेवी_कट्टा:
तिखट की मध्यम?

घणसोलीचा गण्या:
मध्यम मागणाऱ्याने धाग्यावरून उतरावं

प्राची_नेरुळ:
माझी नणंद बंगळूरला असते. तिकडे जून 2023 पासून साध्या सरकारी बसमध्ये बायकांना फुकट. पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला लागतो आणि हिच्या आधारवर अजून नेरुळच. बस बायकांनी खच्चून भरलेली, त्यात तिकीट काढणारी ही एकटीच. शेजारणी वळून वळून बघायच्या म्हणे. आता पत्ता बदलायला टाकलाय.

सानपाडा_सुनील:
विषयाला सोडून विचारतो, आईला सप्तशृंगीला न्यायचंय. वय 73. किती लागेल?

वागळेकरीण:
65 ते 75 अर्धं. आणि बाईमाणूस म्हणूनही अर्धं.

सानपाडा_सुनील:
मग दोन अर्धी मिळून शून्य?

डेपोवाले आजोबा:
नाही होत. माझ्या बायकोने कंडक्टरशी भांडून बघितलंय.

सानपाडा_सुनील:
बरं. आणि पुढे गाणगापूरही करायचंय.

प्राची_नेरुळ:
सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढे कर्नाटक, तिकडे ही सवलत नाही. आधी माझ्या नणंदेला विचारा.