वन्यजीवांचे फोटो आणि त्यातला आनंद : कोल्हापूरकरांनो, अनुभव येऊ द्या

मंडळी, आपल्याला रान शोधायला लांब जावं लागत नाही. रंकाळा तलाव दारात, कळंबा तलाव हाकेवर आणि १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं दाजीपूरचं जंगल (आताचं राधानगरी अभयारण्य, ३५१ चौरस किलोमीटर) दीड-दोन तासांवर. या धाग्यात सहलींची वर्णनं नकोत. कुठला जीव कसा टिपायचा, सेटिंग काय ठेवायचं, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा. घरट्यांचे पत्ते मात्र कुणीही टाकू नका.

रंकाळावेडा
नवा कॅमेरा घेतलेल्यांनी रंकाळ्यावरच हात बसवावा. इथले पक्षी फिरायला येणाऱ्यांना सरावलेत, ३०० मिमीची लेन्सही चालून जाते. सकाळी शहराकडच्या काठावर थांबलं की ऊन पाठीशी येतं आणि टिबुकलीच्या (पाण्यात बुड्या मारणारा छोटा पक्षी) डोळ्यात चमक उतरते. ती चमक नसली की बाकी सगळं शार्प असूनही फोटो मेल्यासारखा वाटतो. उभ्याने काढू नका. पायरीवर बसा, कॅमेरा पाण्याच्या जवळ आणा. मागचं पाणी धूसर होऊन पक्षी उठून दिसतो.

बगळा काढताना एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) उणे १ वर न्या. भोवतीचं गडद पाणी बघून कॅमेरा सगळंच उजळवतो आणि पांढरी पिसं जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. जळलेलं पीस नंतर रॉ फाईलमधूनही (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाईल) परत येत नाही.

कवड्या खंड्यासाठी वारा पाठीवर घ्या. तो वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो, म्हणजे आपसूक तुमच्याकडे बघत असतो. मान खाली, चोच सरळ पाण्याकडे, शेपूट पसरलेली. ती दोन-चार सेकंदं फोकस धरायला पुरतात. शटरचा वेग १/२५०० सेकंदापेक्षा कमी नको. सूर मारतानाचा फोटो बहुतेक वेळा हुकतो, पण तरंगणारा खंड्या मिळाला तरी दिवस सोन्याचा!

राधानगरीकर
गव्याबद्दल लिहितो. गवा काळा आहे आणि बहुतेकांचे फोटो तिथेच फसतात. फ्रेम काळ्या अंगाने भरली की कॅमेरा त्याला राखाडी करायला बघतो. मग गुडघ्याखालचे पांढरे मोजे आणि पाठीवर पडलेला उन्हाचा पट्टा जळून जातो. उणे ०.७ ते उणे १ ठेवा, सावल्या नंतर रॉमधून उघडा. झाडीत प्रकाश कमी, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० ते ३२०० धरूनच चला. गाडीच्या खिडकीवर बीनबॅग टाकली तर १/२५० लाही हात हलत नाही. बीनबॅग म्हणजे लेन्स टेकवायची पिशवी, ती घरीच करा: जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही तोंडं शिवायची, आत दोनेक किलो तांदूळ. पूर्ण गच्च भरू नका, लेन्स बसायला खळगा पडला पाहिजे. शूट करताना इंजिन बंद, नाहीतर थरथर फोटोत येतेच.

आता महत्त्वाचं. नर आडवा उभा राहून पूर्ण अंग दाखवायला लागला, फुत्कारला किंवा मान खाली घालून पाय आपटायला लागला, की फोटो पुरे. हळू मागे सरका. बरोबर वासरू असलेल्या मादीपासून तर जास्तच अंतर ठेवा. गाडीतून उतरायचं नाही, वाटाड्याचं ऐकायचं. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, वनखात्याकडे तारखा विचारूनच बेत ठरवा.

शेकरूसाठी उलटा हिशोब. मागे पांढरं आभाळ असतं, म्हणून अधिक १ ते अधिक १.७. झाडाखालून नुसतं पोट दिसतं. घाटउतारावर वरच्या बाजूला थांबलं तर शेंडा नजरेच्या पातळीला येतो आणि ती लांब शेपूट पूर्ण मिळते.

ऊसपट्टा
कॅमेऱ्याचा खरा नाद लागायचा असेल तर ऊसतोड झालेलं रान गाठा. नांगरट सुरू झाली की ट्रॅक्टरमागे गायबगळे, शराटी, कोतवाल किड्यांसाठी गर्दी करतात. फक्त मालकाला विचारून बांधावर जा.

तारेवरचा वेडा राघू नावाने वेडा, पण सवयीचा पक्का. उडतो, माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परततो. फोकस त्या जागेवर आधीच लावा, शटर १/३२००, आणि तो येतो त्या बाजूला फ्रेममध्ये मोकळी जागा सोडा. परतला की लगेच गिळत नाही. माशी चोचीत आडवी धरून तारेवर आपटतो, डंख काढतो, मग वर उडवून झेलतो. ते झेलणं मिळालं ना, नाद खुळा!

डराँव
जून-जुलैत गगनबावडा, पन्हाळा भागात बेडकांची मजा असते. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची), एफ/११ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), शटर १/१६०, आयएसओ ४००, फ्लॅश १/१६ पॉवरला. फ्लॅशवर डिफ्यूझर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) हवाच, नाहीतर ओल्या कातडीवर पांढरे ठिपके उठतात. पांढऱ्या थर्माकोलच्या पातळ शीटनेही काम भागतं. बेडूक हातात घेऊ नका. तो कातडीतूनही श्वास घेतो, हाताचं मीठ आणि मलम त्याला बाधतं. घोणसजातीचा साप दिसला तर काठीने पोझ देणं बंद. बसलाय तसाच, लांबून काढा.

फक्तमोबाईल
मोठी लेन्स नसणाऱ्यांनी फुलपाखरं काढावीत. सकाळी ऊन तापायच्या आत ती पंख उघडून शेकत बसतात, तेव्हा जवळ जाऊ देतात. खालून, हळू सरका, आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. मोबाईल पंखांना समांतर धरा. तिरका धरला की एक पंख शार्प, दुसरा धूसर. नीलवंत मात्र फुलावरही पंख फडफडवत राहतो, त्याला ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर गाठा.

कळंबेकर
सगळ्यांचं वाचून मजा आली. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, त्यावर काय करता?

डराँव
ताई/दादा, हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि पाच-सातशेचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परता. तो तवा स्वयंपाकाला वापरू नका. कातडी पिशवीत लेन्स ठेवू नका, ओल धरते. आणि एसी गाडीतून थेट धुक्यात कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते. पोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडायच्या.