भाची पायलट व्हायचं म्हणते, दाजी जमीन विकायला निघालेत... सल्ला हवाय

ऊसवाला_मामा

नमस्कार मंडळी. बहिणीची मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, फिजिक्स-मॅथ्स आहे, मार्क बरे आहेत. सीईटीतून इंजिनियरिंगला नंबर लागेल पण ती म्हणते एअरलाइनमध्ये पायलटच व्हायचंय, आणि हे काही आजचं खूळ नाही, आठवीपासून ऐकतोय आम्ही. घरात विमानात बसलेला माणूस मी एकटाच, तेही कंपनीच्या खर्चानं पुणे-दिल्ली, त्यामुळे सगळे मलाच विचारायला लागलेत.

मागच्या रविवारी दाजी आणि ती पुण्यात एका अकॅडमीच्या सेमिनारला जाऊन आले. तिथं सांगितलं की दीड वर्षात लायसन्स हातात, कंपन्यांनी शेकड्यांनी विमानं ऑर्डर केलीत, पायलट मिळेनात, खर्च ५५ लाख, आणि या महिन्यात ॲडमिशन घेतली तर डिस्काउंट. दाजी आल्यापासून इस्लामपूरजवळची एक एकर बागायत काढायचं बोलायला लागलेत, गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय. पोरीचं मन मोडायचं नाही पण गेलेली जमीन काय परत येत नाही. ५५ लाखांत खरंच होतं का, लायसन्स मिळालं की नोकरी लागते का, आणि पैसे भरायच्या आधी काय काय बघायचं? चष्मा आहे तिला दीड नंबरचा, तो चालतो का?

उजवी_सीट

मामा, आधी गिऱ्हाइकाला थांबवा, मग बोलू. मी एअरबस ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट आहे, मूळची साताऱ्याकडची.

पहिलं काम मेडिकल. पायलटच्या मेडिकलचे दोन टप्पे असतात, आधी क्लास २ करून घ्या आणि ते झालं की लगेच क्लास १. ट्रेनिंग क्लास २ वर सुरू करता येतं म्हणून सेमिनारवाले क्लास १ चं नावच काढत नाहीत, पण कमर्शियल लायसन्स क्लास १ शिवाय मिळत नाही. निम्मं फ्लाइंग झाल्यावर ईसीजीत नाहीतर ऑडिओमेट्रीत (कानाची तपासणी) काहीतरी निघालेली पोरं बघितलीत मी, तोवर वीस-पंचवीस लाख गेलेले असतात. चष्म्याचं टेन्शन घेऊ नका, चष्मा लावून नीट दिसत असेल तर चालतो, फक्त उडताना जास्तीचा एक जवळ ठेवावा लागतो. रंग ओळखण्यात अडचण असेल तर मात्र अवघड आहे, ते आधीच तपासा.

दुसरं, डीजीसीएचे (विमान वाहतुकीचं सरकारी खातं, लायसन्स तेच देतं) पेपर. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के लागतात. हे पेपर विमानाला हात न लावता देता येतात, कॉम्प्युटर नंबर (डीजीसीएच्या परीक्षेचा नोंदणी नंबर) काढायचा आणि अभ्यासाला बसायचं, क्लास लावला तरी फ्लाइंगच्या मानानं खर्च किरकोळ. तिला खरंच यात राहायचंय का ते इथंच कळेल, कारण नेव्हिगेशनचा पेपर भल्याभल्यांना रडवतो. पेपर हातात घेऊन फ्लाइंगला गेलेली मुलं लवकर सुटतात, नाहीतर पाऊस पडतोय म्हणून हॉस्टेलवर बसून अभ्यास आणि ऊन पडलं की पेपर आहे म्हणून फ्लाइंग बंद असं चालतं.

आता ५५ लाख. सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, उडण्याचे २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट इन कमांड म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन, शिवाय रात्रीचे तास, इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडायचे) तास, ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस कंट्री म्हणजे लांबची फेरी. ५५ लाख या २०० तासांचे धरलेले असतात. हॉस्टेल, मेस, जास्तीचे तास, परीक्षा फिया यातलं काय त्यात आहे ते लेखी विचारा, मल्टी इंजिनचं पण विचारा. आणि हे सगळं झाल्यावर टाइप रेटिंग, म्हणजे ए३२० किंवा बोइंग ७३७ असं एक ठरावीक विमान चालवायची परवानगी, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. ते सेमिनारमध्ये सांगत नाहीत.

धावपट्टी_२७

वरच्या ताईंना अनुमोदन, मी बापाच्या बाजूनं सांगतो. मुलगा एका फ्लाइंग स्कूलला आहे, नाव घेत नाही. दीड वर्ष म्हणाले होते, ती मुदत कधीच उलटून गेली आणि अजून चाळीसेक तास बाकी आहेत. मुलं भरपूर आणि उडणारी विमानं मोजकी, त्यातलं एक इंजिनाच्या कामाला गेलं की बाकीच्यांवर लाइन. इन्स्ट्रक्टर जरा अनुभवी झाला की एअरलाइनला पळतो कारण पगारात जमीन-अस्मानाचा फरक. पावसाळ्यात तर विचारूच नका, जून ते सप्टेंबर पोरं ढगांकडं बघत बसतात.

म्हणून ॲडमिशनच्या आधी आठवड्याच्या मधल्या वारी, न सांगता, स्वतः जाऊन या. तुमच्याकडून बारामती जवळ आहे, गोंदिया, धुळे, जळगावलाही स्कूल आहेत. ऑफिसात बसू नका, कुंपणाबाहेर उभं राहून सकाळपासून किती विमानं वर जातात ते बघा, आणि चहाच्या टपरीवर पोरांना गाठून महिन्याला किती तास मिळतात ते विचारा. पोरं खोटं बोलत नाहीत. डीजीसीएनं २०२५ पासून फ्लाइंग स्कूलचं रँकिंग सुरू केलंय ते पण बघा, पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही स्कूल नव्हतं यावरून समजा. आणि सगळे पैसे एकदम भरू नका, डिस्काउंट दिला तरी नाही. जेवढे तास उडाले तेवढे पैसे, एवढ्यावर अडून बसा.

बिनपंखी

मी जरा कडू बोलतो, राग मानू नका. किंगफिशर एअरलाइन २०१२ ला बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला. प्रत्येक वेळी हजारो तास उडालेले कॅप्टन बाजारात आले, मग २०० तासवाल्या पोरांना कोण विचारतंय? ड्रायव्हिंग लायसन्स काढलं म्हणून एसटीत कोणी बोलवून घेतं का, तसंच आहे हे. विमानांच्या ऑर्डरी खऱ्या आहेत, २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० सांगितली, पण ती यायला कितीतरी वर्षं जाणार, उद्या सकाळी येत नाहीयेत. आणि त्याच २०२३ साली डीजीसीएनं सोळाशेच्या वर सीपीएल वाटली. करा हिशोब. जमीन विकू नका, पोरीला कॉम्प्युटरला घाला.

उजवी_सीट

@बिनपंखी कॉम्प्युटरवाल्यांना काय नोकरीची गॅरंटी आहे हो सध्या :)

पण मुद्दा निम्मा बरोबर आहे. कॅप्टन कमी पडतायत हे खरं, फ्रेशर कमी पडतायत हे खरं नाही. कॅप्टन व्हायला एटीपीएल हे सीपीएलच्या वरचं लायसन्स लागतं, त्याला १५०० तास, म्हणजे आज टंचाई आहे ती आजच्या सीपीएलवाल्यानं भरून निघत नाही. माझ्या बॅचमध्ये काहींना सहा महिन्यांत लागली, काही दोन-अडीच वर्षं बसून होते, त्यातले दोघं फ्लाइंग स्कूलमध्येच इन्स्ट्रक्टर झाले आणि मग आले. त्या मधल्या काळात हप्ता चालू असतो, मेडिकल दरवर्षी रिन्यू करायचं असतं, हात सुटू नये म्हणून अधूनमधून उडावंही लागतं, त्याचे पैसे वेगळेच. तर मामा, हिशोब लायसन्सपर्यंतचा करू नका, लायसन्सनंतरच्या दोन वर्षांचा धरा. तेवढी उशी नसेल तर थांबलेलं बरं, दोन वर्षं उशिरा सुरू केलं म्हणून काही बिघडत नाही, कॅप्टन ६५ पर्यंत उडतात.

नोकरी लागली की पगार चांगला आहे, नाही कशाला म्हणू, सुरुवातीलाच महिना दीड-दोन लाखांच्या घरात. बाँड असतो म्हणजे ठरावीक वर्षं कंपनी सोडता येत नाही, पहाटे साडेतीनला गाडी दारात येते, दिवाळी कुठल्यातरी हॉटेलात. आईला अजून वाटतं मी रोज परदेशात असते, मी असते इंदूर नाहीतर रायपूरला.

गच्चीवरचा_अँटेना

जमीन विकण्याआधी बाकीचे दरवाजे बघितलेत का? अमेठीजवळ फुरसतगंजला इग्रुआ हे सरकारी फ्लाइंग स्कूल आहे, एंट्रन्स देऊन जायचं, तिथली शिस्त आणि नाव दोन्ही चांगलं. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीत बसत असाल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेनं नागपूर फ्लाइंग क्लबमधून सीपीएल ट्रेनिंगची योजना चालवलेली आहे, जाहिरातीवर लक्ष ठेवा. आणि मुलींना आता खडकवासल्याचं एनडीए पण खुलं आहे, एअरफोर्सची फ्लाइंग ब्रँच, खर्च शून्य. फक्त तिथली पायलट ॲप्टिट्यूडची टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते, त्यामुळे सहज म्हणून बसायला जाऊ नका.

लोनचं सांगायचं तर साडेसात लाखांच्या वर बँका साधारणपणे तारण मागतात, आणि शेतजमीन तारण घ्यायला बऱ्याच बँका नाक मुरडतात कारण सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही. घर किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट असेल तर तो पुढे करा.

ऊसवाला_मामा

सगळ्यांचे आभार, दाजींना पूर्ण धागा वाचून दाखवला. टाइप रेटिंगचे वीस लाख ऐकून गप्पच झाले, सेमिनारमध्ये तो शब्दसुद्धा आला नव्हता म्हणे. गिऱ्हाइकाला दसऱ्यानंतर बघू म्हणून सांगितलंय. इस्लामपुरात बिगरशेती झालेली दोन गुंठे जागा आहे, तिचं बँकेत विचारतो. भाची मात्र खूश आहे, पेपरांचा अभ्यास घरी बसून करता येतो कळल्यावर लगेच पुस्तकांची यादी काढून बसली.

दोन शंका राहिल्या. एअरलाइन्सचे कॅडेट प्रोग्रॅम असतात ते काय? आणि पोरगी दहावीपर्यंत मराठी मीडियमची, इंग्रजी वाचते समजते पण बोलताना अडखळते, त्यावरून काढून टाकतात का?

उजवी_सीट

कॅडेटमध्ये एअरलाइन आधी निवड करते, टेस्ट, ॲप्टिट्यूड, इंटरव्ह्यू, मग त्यांनी ठरवलेल्या स्कूलला पाठवते आणि सगळं पास झालात तर नोकरी. टाइप रेटिंग बहुतेक ठिकाणी त्यातच असतं. खर्च एक कोटीच्या आसपास किंवा वरच. पैसे असतील तर हा रस्ता सरळ आहे, कारण मधला बसून राहायचा काळ कमी होतो, पण ऑफर लेटरमधल्या अटी वकिलाकडून वाचून घ्या. शिवाय निवडीची टेस्ट देऊन बघायला एक कोटी लागत नाहीत, फॉर्मची आणि टेस्टची फी तेवढी जाते, तर ती द्यावीच. निकालावरून तिचं तिलाच कळेल कुठं उभी आहे.

इंग्रजीचं: मी पण मराठी मीडियम. रेडिओवरची वाक्यं ठरलेली असतात, ती पाठ होतात, सराव लागतो तो ऐकायचा, कारण कंट्रोलर सुपरफास्ट बोलतो. आरटीआर म्हणून रेडिओचं वेगळं लायसन्स आहे, त्याला तोंडी परीक्षा असते आणि पोरं तिथंच लटकतात. आधी ती टेलिकॉम खात्याकडं होती, आता नवीन वायुयान कायद्यानंतर डीजीसीएकडं आलीय, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून फॉर्म भरू नका. याशिवाय इंग्रजीची लेव्हल ४ लागते, ती अडखळत बोलणाऱ्यालाही मिळते, समोरच्याला समजलं पाहिजे एवढंच. आतापासून रोज अर्धा तास मोठ्यानं वाचायला लावा.

क्लास २ करणाऱ्या डॉक्टरांची यादी डीजीसीएच्या साइटवर आहे, तुमच्याकडून पुणे सोयीचं पडेल. चष्म्याचा नंबर ताजा काढून न्या, आणि आदल्या रात्री तिला जागरण करू देऊ नका, बीपी वाढलेलं दिसलं की परत बोलावतात.