टॅब भरपूर, ब्राउझर ठप्प – तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी,
भाषांतराच्या कामात शब्दकोश, पीडीएफ, मेल, संदर्भाची पानं असं सगळं एकाच वेळी उघडं लागतं. त्यामुळे 'टॅब कमी करा' हा सल्ला माझ्या उपयोगाचा नाही. ब्राउझर अडकल्यावर नेमकं कुठे अडलंय हे ज्यांनी शोधून काढलं, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. सुरुवात मी करते.

क्रोम 2008 मध्ये आला तेव्हापासूनच टॅबसाठी वेगवेगळ्या प्रोसेस (प्रोग्रामचे स्वतंत्र चालणारे भाग) चालवतो, आणि फायरफॉक्सनेही 2016 पासून तोच मार्ग धरला. म्हणून एकच पान अडकलं तर दोष बहुधा त्या पानात असतो. सगळंच थिजलं तर सगळ्यांना सामायिक असलेली गोष्ट तपासायची: मेमरी, डिस्क, ग्राफिक्स, एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम). विंडोजवर क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. 'मेमरी' या शीर्षकावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड प्रोसेस वर येते. माझा संशय शब्दकोशांवर होता, पण ते पार तळाशी होते. वर होतं सकाळी उघडलेलं बातम्यांचं एक पान, आपोआप चालणाऱ्या व्हिडिओ जाहिरातींसकट. तिथूनच ती प्रोसेस बंद केली. टॅब जागेवरच राहतो, फक्त पान जातं. रिलोड केलं की परत येतं. बाकीचं काम लगेच हलायला लागलं.

तालुक्याच्या गावात सेवा केंद्र चालवतो
ताई, आमच्याकडे जूनमध्ये दाखल्यांची गर्दी. उत्पन्न, जात, अधिवास, शिवाय सातबारा, प्रत्येकाचा टॅब वेगळा. मशीन 4 जीबी रॅमचं, जुनी हार्ड डिस्क. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर प्रोसेसर निवांत आणि डिस्क 100 टक्के! रॅम भरली की विंडोज मेमरीतला माल डिस्कवर हलवतं, आणि फिरत्या डिस्कला तो वेग झेपत नाही. बाहेर लोक उन्हात उभे, ओटीपीची वेळ संपत आलेली आणि माउसचा बाण जागचा हलत नाही, फार जीव जातो अशा वेळी. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली, रॅम 8 जीबी केली, तेव्हा सुटलो. नवीन कॉम्प्युटर घ्यायची गरज पडली नाही. क्रोमचा 'मेमरी सेव्हर'ही चालू केलाय. तो न वापरलेले टॅब झोपवतो आणि परत गेलं की पान नव्याने लोड करतो. म्हणून सरकारी पोर्टल्स 'कायम चालू ठेवा' यादीत टाकली आहेत. ही यादी सेटिंगमध्ये परफॉर्मन्सखाली सापडते.

शाळेत शिकवते
माझ्याकडे कारण एक्स्टेन्शन निघालं. तपासायची सोपी रीत: तीच पानं इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघा. तिथे आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन चालत नाहीत. पानं सुरळीत चालली की अर्धी एक्स्टेन्शन बंद करायची, मग उरलेल्यातली अर्धी. असं करत दोषी सापडतो. फायरफॉक्सवाल्यांना मदत मेनूत 'ट्रबलशूट मोड' आहे.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी
स्क्रोल करताना स्क्रीन काळी होऊन अडकत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमधलं ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन (चित्र-व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. फरक पडला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्राम) अपडेट करा आणि ते परत चालू करा. कायम बंद ठेवलं तर व्हिडिओचा भार प्रोसेसरवर येतो.

निवृत्त, घरी फायरफॉक्स
अ‍ॅड्रेस बारमध्ये about:processes (सगळं सलग, मधला कोलन धरून) टाइप करा, प्रत्येक टॅबची मेमरी दिसते. आणि रीस्टार्टला घाबरू नका. मागचं सत्र परत आणलं तरी फायरफॉक्स प्रत्येक टॅब क्लिक केल्यावरच लोड करतो, त्यामुळे बराच भार तिथेच उतरतो. आधी कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून सगळे टॅब एका बुकमार्क फोल्डरात टाकावेत, म्हणजे काही हरवत नाही.

सेवा केंद्रवाला पुन्हा
काका, केंद्रात दुसरं मशीन विंडोज 7 वर आहे. त्यावर क्रोम अपडेटच होत नाही.

निवृत्त, घरी फायरफॉक्स
होणार नाही, त्यावर क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती. फायरफॉक्सची 115 ईएसआर (दीर्घ मुदतीची आवृत्ती) चालते. पण लोकांचे आधार आणि बँकेचे कागद त्या मशीनवर उघडत असाल तर आधी विंडोज बदला, ब्राउझरचं नंतर बघू.