आयटीआय फिटर झालोय. पाण्याच्या फिल्टर प्लांटवर जाऊ की सोसायटीच्या एसटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर)? आधी काय शिकू?

कृष्णाकाठचा फिटर

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातला. फिटर ट्रेड गेल्या वर्षी पास झालो. सध्या दोन वाटा समोर आहेत. पुण्यात एका मोठ्या सोसायटीच्या एसटीपीवर ठेकेदार लगेच घ्यायला तयार आहे. 12 तासांची रात्रपाळी, प्लांटवर मी एकटाच. "शिकायचं काय त्यात, पंप चालू-बंद करायचे," असं तो म्हणाला. दुसरी वाट म्हणजे जवळच्या शहरात पाणी शुद्धीकरण केंद्रावर वर्षभराची अप्रेंटिसशिप. स्टायपेंड ठेकेदाराच्या पगारापेक्षा बराच कमी. एक मित्र तिसरंच सांगतो, आधी आयटीआयचा दोन वर्षांचा एओसीपी हा केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड कर, त्याशिवाय या लाइनमध्ये कुणी विचारत नाही.

घरी म्हातारे आजी-आजोबा आहेत, त्यामुळे पैशाचा विचार करावाच लागतो. पण मला हे काम नीट शिकायचंय. या कामात असलेल्यांनी सांगा.

फिल्टर हाउस

मी 26 वर्षं फिल्टर प्लांटवर आहे, म्हणून हक्कानं सांगतो. अप्रेंटिसशिप घे. जो माणूस "पंप चालू-बंद करायचे" म्हणतो, त्याच्याकडे तुला शिकवण्यासारखं काही नाही.

एओसीपी म्हणजे अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट. ट्रेड चांगला आहे, दहावीनंतर ज्यानं काहीच केलेलं नाही त्यानं जरूर करावा. तुझ्याकडे फिटर आहे. पंपाचं ग्लँड, बेअरिंग, कपलिंगचं अलाइनमेंट तुला येतं. परत दोन वर्षं बाकावर बसू नकोस. तुला कमी पडतंय ते पाण्याचं शिक्षण, आणि ते पाण्याजवळच मिळतं.

2019 च्या ऑगस्टातला महापूर तू पाहिला असशील. पूर ओसरून आमच्या जॅकवेलचे (नदीकाठच्या उपसा विहिरीचे) पंप सुरू झाले तेव्हा नदीचं पाणी घट्ट चहासारखं येत होतं. भिंतीवरच्या तक्त्यात तुरटीचा डोस लिहिलेला होता, पण तो नेहमीच्या पावसाळ्याचा. अशा वेळी जार टेस्ट हाच आधार. सहा जारमध्ये एकेक लिटर कच्चं पाणी घ्यायचं. 10 ग्रॅम तुरटी लिटरभर पाण्यात विरघळवून ठेवलेली असते. त्यातलं 1 मिली एका जारमध्ये घातलं की डोस झाला लिटरला 10 मिलिग्रॅम. त्या दिवशी मी 30 पासून 80 पर्यंत लावले. आधी मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा मिनिटं अगदी सावकाश, मग अर्धा तास हात लावायचा नाही. 30 च्या जारमध्ये पाणी होतं तसंच. 60 मध्ये नासक्या दुधासारखे गठ्ठे धरले, हळूहळू तळाला बसले आणि वर पाणी नितळ झालं. 80 मध्ये परत धुरकट. तुरटी जास्त पडली की पीएच खाली येतो, फ्लॉक, म्हणजे ते गठ्ठे, धरत नाही. आता हिशेब कर. आमचा प्लांट 12 एमएलडीचा, म्हणजे दिवसाला 120 लाख लिटरचा. 60 च्या डोसाला दिवसाला 720 किलो तुरटी, 80 ला 960. रोज जवळजवळ पाच पोती जास्त टाकून पाणी आणखी खराब केलं असतं.

हे मला कुणी वर्गात शिकवलं नाही. एका जुन्या ऑपरेटरनं पहिल्या पावसाळ्यात शेजारी उभं करून शिकवलं. आज ते नाहीत, पण जार लावताना त्यांची आठवण येते.

क्लोरीन टनरच्या (क्लोरीन वायूच्या मोठ्या टाकीच्या) खोलीत पहिल्या दिवशीच एकट्यानं जायचं नाही. क्लोरीन वायू साध्या हवेपेक्षा अडीच पट जड, तो जमिनीलगत साचतो. गळती झाली तर खाली वाकायचं नाही. वाऱ्याला आडवं होऊन उंचावर निघायचं. अमोनियाचा बोळा कुठे धरला की पांढरा धूर निघतो, गळती कुठे ते कसं ओळखायचं, हे तिथल्या माणसाकडून प्रत्यक्ष करून घे.

प्रयोगशाळेतून

मी पाणी तपासणीत आहे. काकांनी सांगितलं त्यात एक भर घालते. शेवटच्या नळाला उर्वरित क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा आणि गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत हवा, हे आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात आहे. पहिल्या आठवड्यात एवढं पाठ कर. क्लोरीन मोजायला ओटीचा पिवळा रंग बरेच जण अजून बघतात, पण ऑर्थोटोलिडिन अंगाला चांगलं नाही. डीपीडीची गुलाबी टेस्ट शिकून घे.

आणि रजिस्टर खरं लिही. एका ठिकाणी मी महिनाभराचा रकाना उघडला, तर तीसही दिवस 0.2. एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेला. त्याच आठवड्यात खालच्या वस्तीत पोरं जुलाबानं आजारी पडली होती. आकडा कमी आला तर कमी लिहायचा आणि लगेच फोन करायचा. तुझ्यावर ओरडतील, ऐकून घे.

पुढे पालिकेत किंवा जिल्हा परिषदेकडे लागलास तर नाशिकला जीवन प्राधिकरणाची 'मित्रा' ही प्रशिक्षण प्रबोधिनी आहे, तिथे नाव पाठवायला साहेबांच्या मागे लाग.

ब्लोअर रूम

मित्रा, मी सोसायटीच्या एसटीपीवरच सुरुवात केली, म्हणून माझं ऐक. ते काम वाईट नाही. एरेशन टँकमधून (सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतून) एक लिटरच्या सिलिंडरमध्ये पाणी भरायचं, अर्धा तास ठेवायचं आणि गाळ किती रेषेवर बसला ते बघायचं. चॉकलेटी रंग, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला की जिवाणू खूश. काळा पडला, कुजका वास आला, म्हणजे हवा कमी पडतेय, हवा देणारा ब्लोअर बघायचा. रोज हे करणारा ऑपरेटर सहा महिन्यांत प्लांट वासावरून ओळखायला लागतो. स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्जचा वेस्टवॉटर ट्रीटमेंट प्लांट हेल्पर आणि टेक्निशियनचा छोटा कोर्सही आहे. जमला तर कर.

पण एकट्यानं रात्रपाळी, ते नको. एका सोसायटीत कलेक्शन टँकचा पंप तुंबला. सुपरवायझर म्हणाला, पाच मिनिटं उतर आणि चिंधी काढ. वास येत होता सडक्या अंड्याचा, दोन पायऱ्या उतरल्यावर यायचा बंद झाला. मला वाटलं, हवा साफ झाली. खरं तर हायड्रोजन सल्फाइडनं नाक बधिर केलं होतं. चौथ्या पायरीवर गुडघे गेले. कमरेला दोर होता, आणि वर वॉचमन होता म्हणून त्यानं ओढलं. दोर मी स्वतःच बांधला होता, कुणी सांगितलं नव्हतं.

गॅस मीटर, ब्लोअरची हवा, हार्नेस आणि वर दुसरा माणूस, यातलं एक जरी नसलं तरी उतरायचं नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात, सेप्टिक टँकमध्ये सफाईला उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. ते 30 लाख तुझ्या आजीला काय करायचेत?

कृष्णाकाठचा फिटर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आजोबांना ब्लोअर रूम दादांचं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, स्टायपेंडवर भागवू. ठेकेदाराला नाही म्हणून कळवलं. काका, एकच विचारतो, अप्रेंटिसला जार टेस्टला हात लावू देतात का? की बादल्या उचलायला लावतात?

फिल्टर हाउस

पहिला महिना बादल्याच. तुरटीच्या लाद्या टाकीत भिजवायच्या, फिल्टर बॅकवॉशला (उलट्या पाण्यानं धुवायला) झडपा फिरवायच्या. ते मनापासून कर. झडपेला किती आटे आहेत ते मोजून वहीत लिहून ठेव. दुसऱ्या महिन्यात केमिस्टच्या आधी येऊन जार धुऊन ठेव आणि कच्चं पाणी भरून ठेव. मग तोच म्हणेल, लाव आज तू. जून उजाडायच्या आत जा, पहिल्या गढूळ पाण्याला तिथे असायला हवास.