कार्ड कुरियर करायला काळा फोम की गुलाबी? प्रोग्रामच उडाला राव

भोसरी_रिपेअरवाला:
मंडळी, मी सीएनसी, पीएलसीची (कारखान्यातल्या मशिनी चालवणारे कंट्रोलर) सर्किट कार्डं रिपेअर करतो, बाहेरगावची पार्टी असली की माल कुरियरनेच जातो. इतकी वर्षं बबल रॅप नि थर्माकोलवर भागत होतं पण एका पार्टीने अडून धरलं की अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणारं) पॅकिंग असेल तरच माल उतरवून घेऊ, म्हणून बुधवार पेठेतून काळा ईएसडी (स्टॅटिकच्या ठिणगीपासून वाचवणारा) फोम आणला, कार्ड थेट त्यावर दाबून बसवलं, वरून पण तोच, खोकं बंद, पाठवलं. त्यांच्या स्टोअरला दहा-बारा दिवस पडून होतं. आता फोन, की कार्ड चालू होतंय पण प्रोग्राम गायब, आणि कार्डावरच्या बटन सेलला 3 व्होल्टच्या जागी दीडच्या आसपास. इथून निघताना बेंचवर सगळं ओके होतं, सेल पण नवाकोरा. फोम डुप्लिकेट मिळाला का मला? गुलाबी अँटिस्टॅटिक फोम घ्यायला हवा होता का?

जुना_सोल्डर:
डुप्लिकेट कसला, फोम अस्सल होता म्हणूनच हे झालं. काळ्यात कार्बन असतो, तो करंट वाहून नेतो. मल्टीमीटरच्या दोन्ही प्रोब इंचभर अंतरावर फोममध्ये खुपसून बघा, थोडे किलोओहम दाखवेल. पूर्वी सीमॉस आयसी (स्टॅटिकला नाजूक अशा चिपा) अशाच फोममध्ये पाय रोवून यायचे, सगळे पाय एकमेकांना जोडलेले राहिले की दोन पायांमध्ये व्होल्टेजचा फरकच पडत नाही, म्हणजे गेटचं ऑक्साइड (चिपच्या आतला अतिपातळ इन्सुलेशनचा थर) फुटायचा प्रश्न नाही. सुट्या आयसीला एकदम झकास. पण तुमच्या कार्डावर सेल आहे! 3 व्होल्ट आणि सेलच्या दोन टोकांमध्ये फोमचे समजा 3 किलोओहम, झाला 1 मिलिअँप. सीआर2032 बटन सेलची ताकद साधारण 220 मिलिअँप-तास, म्हणजे नऊएक दिवसांत सेल खलास, आणि जुन्या पीएलसीत प्रोग्राम त्या सेलवरच जगणाऱ्या रॅममध्ये असतो. स्टॅटिकचा इथे काही संबंधच नाही.
आणि काळा दिसतो तो प्रत्येक फोम कंडक्टिव्ह नसतो बरं, साधा पॅकिंगचा पण काळा मिळतो. मीटर लावल्याशिवाय दुकानदारावर विश्वास ठेवू नका.

नागपुरी_ठसका:
भाऊ, गुलाबीच्या भरवशावर पण राहू नका. त्यात एक केमिकल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते नि पृष्ठभागावर थोडासा वाहक थर तयार होते. मुंबईत चालून जाते, आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये हवेत ओलावाच नसतो तर ते केमिकल ओढणार काय, कप्पाळ? शिवाय दोन-तीन वर्षं पडलेल्या रोलमधून ते उडूनही जाते, रंग मात्र तसाच गुलाबी. अन् महत्त्वाचं म्हणजे गुलाबी फोम स्वतः चार्ज कमी धरते, एवढंच. बाहेरून कोणाच्या बोटाची ठिणगी पडली तर ती अडवायचं काम त्याचं नाहीच.

भोसरी_रिपेअरवाला:
म्हणजे दोन्ही बाद? मग घालू कशात? आणि खरं सांगायचं तर मी उघड्या हातानेच काम करतो, कधी चटका बसलेला आठवत नाही.

स्टोअरवाली_ताई:
दादा, चटका आपल्याला कळतो तोच मुळी 3000 व्होल्टच्या आसपास. काही पार्ट 100 व्होल्टलाच जातात, कळणार कसं? आणि प्रत्येक वेळी पार्ट लगेच मरतो असंही नाही, अर्धमेला होऊन बेंचवर पास होतो नि पार्टीकडे गेल्यावर महिन्याभराने मान टाकतो, मग आपण सोल्डरिंगला शिव्या घालत बसतो.
बाद काहीच नाही, जागा चुकली. कार्ड आधी शिल्डिंग बॅगेत घाला, ती करड्या-चंदेरी रंगाची, अर्धवट आरपार दिसणारी. तिच्यात धातूचा पातळ थर असतो तो बाहेरची ठिणगी अडवतो, आणि आतला थर काळ्या फोमसारखा करंट सोडत नाही त्यामुळे सेललाही धोका नाही. मग बॅगेभोवती गुलाबी फोम, फक्त धक्क्यासाठी. बॅगेला स्टेपलर मारायचा नाही, आमच्याकडे नवीन आलेली पोरं हमखास मारतात, भोकं पडली की शिल्ड गेलं. तोंड दुमडून वर लेबल चिकटवा. आणि उघड्या कार्डाशेजारी सेलोटेप खर्रकन ओढायची सवय असेल तर आजच सोडा, त्या एका ओढण्यातच हजारो व्होल्ट तयार होतात. थर्माकोल तर टेबलाच्या आसपास पण नको.
हाताला रिस्ट स्ट्रॅप (मनगटाचा, अर्थिंगला जोडलेला पट्टा), आणि त्यातला 1 मेगओहमचा रेझिस्टर तुमच्या जिवासाठी असतो, काढून थेट अर्थिंगला वायर जोडू नका. काही कारागीर जोडतात म्हणून सांगतेय.

भोसरी_रिपेअरवाला:
ओके ताई, बॅगा उद्याच मागवतो. सेल काढूनच पाठवला तर?

जुना_सोल्डर:
अहो सेल काढला की प्रोग्राम तिथेच गेला ना. आधी लॅपटॉपवर बॅकअप घ्या, मग सेल ठेवा नाहीतर काढा. आणि आत्ताच्या पार्टीला विचारा, मशिनवाल्याकडे जुना बॅकअप बहुतेक वेळा निघतो.