पिकअपचा आवाज भारदस्त करायचाय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. माझी पिकअप पेट्रोलवर चालणारी, व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची आहे. एवढं दणकट इंजिन, पण कंपनीच्या सायलेन्सरमुळे आवाज अगदीच मिळमिळीत येतो. मला खर्जातला आवाज हवाय, कर्कश नको. ओळखीचा एक जण म्हणतो, मफलर (म्हणजे सायलेन्सरचा डबा) कापून सरळ पाइप टाक. पण मागच्या सीटवर मुलं असतात आणि लांबचे प्रवास खूप होतात, म्हणून धीर होत नाही.

प्रतिसाद १
सरळ पाइप अजिबात टाकू नका. मी टाकला होता. पहिले दोन दिवस गाडी सुरू केली की अंगावर काटा यायचा. मग चार तासांचा प्रवास झाला. १८०० आरपीएमच्या आसपास गाडी एका वेगाला लागली की कानात दडे बसायचे. मुलगी मागे कान दाबून बसली होती. आठवडाभरात पाइप उतरवला.

असं का होतं, तर व्ही-८च्या प्रत्येक फेऱ्यात चार सिलिंडर पेटतात. १८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेरे, म्हणजे १२० ठोके. हा १२० हर्ट्झचा सूर बंद केबिनमध्ये घुमत राहतो. त्यालाच ड्रोन म्हणतात. असा त्रासदायक सूर मारायलाच रेझोनेटर असतो, त्यामुळे तो राहू द्या. फक्त मफलर बदला.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. मफलर घेताना आत काय आहे ते विचारा. काहींच्या आत पत्र्याचे कप्पे असतात. त्यांचा आवाज जुन्या धाटणीचा, गुरगुरता येतो, पण ड्रोनची शक्यता जास्त. दुसऱ्या प्रकारात भोकांची सरळ नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल असतं. आवाज मोकळा आणि स्वच्छ. मात्र वूल काही वर्षांत जळून विरळ होतं आणि आवाज आपोआप वाढत जातो. तुमच्या वापराला मी लांब बॉडीचा, दुसऱ्या प्रकारचा घेईन.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाला, हात लावू नका. तो काढला की धूर जास्त विषारी होतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि बहुतेक देशांत तो गुन्हाही आहे. आवाजाच्या मर्यादेचा तुमच्याकडचा नियमही आधी बघून घ्या.

धागाकर्ता
खूप आभार. एक्स-पाइप आणि एच-पाइपचं काय?

प्रतिसाद २
इंजिनापासून दोन पाइप वेगवेगळे येत असतील तरच तो प्रश्न. त्या दोघांना मध्ये एच किंवा एक्सच्या आकारात जोडतात. एच-पाइपने आवाज जाड आणि खडबडीत राहतो, एक्सने जरा वरच्या पट्टीत आणि एकसंध होतो. खर्ज हवा असेल तर एच.

प्रतिसाद १
एक राहिलं. पाइपचं टोक हौद्याखाली अर्ध्यात सोडू नका, धूर केबिनमध्ये शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तुमच्या मागे मुलं आहेत. टोक बंपरच्या किंवा हौद्याच्या कडेच्या बाहेर काढा.

पाइप अॅक्सलवरून नेताना, हौदा भरल्यावर पाटे दबतात हे लक्षात ठेवून जागा सोडायला सांगा. स्टेपनीचं रबर आणि ब्रेकचे होस पाइपपासून लांब हवेत. आधी सगळं क्लॅम्पवर बसवून हमरस्त्यावर एक फेरी मारा. ड्रोन नाही याची खात्री झाली की मगच वेल्डिंग करा.